गाडीचं नाक आणि दगडावरची रेघ

प्रिय दादा,

आपल्या वाडीतला धनेश तुझ्या जहाजावर कामाला चढला की त्याच्या बॅगेतून आधी हे पाकीट काढून घे, मग कोकमाची सोलं, मग लाडू. लाडू त्याच्या नजरेआड ठेव. खडखडे लाडू बांधताना आई म्हणाली, "वायच जास्तच घाल गो, धनेश आसा तो." आणि हातात पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर सांगता येत नाही म्हणून लिहितेय. फोनवर तू ठरलेलंच बोलतोस. जेवलात काय, पाऊस पडलो काय, बरा, ठेवतंय. शिवाय तुमच्या त्या जहाजावरच्या वायफायवर निम्मं आयुष्य 'हॅलो, हॅलो' करण्यात जातं. पत्राचं बरं असतं, मधेच कट करता येत नाही.

तर पहिली बातमी. गाडी सुरू झाली.

हो, आपलीच. फणसाखाली ताडपत्री पांघरून पडलेली ती पांढरी. मी रोज तिच्यातून ओरोसला ऑफिसला जाते. नोकरी लागली तेव्हा पहिले काही दिवस एसटीने गेले. आपल्याकडून सुटणारी एक गाडी मला शिपायाच्याही आधी पोचवायची आणि दुसरी जेवणाच्या सुट्टीला. शेवटी एका रविवारी कट्टा गावाहून बाबली मेस्त्रीला घेऊन आले. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, तोंडातलं पान थुंकून आला आणि म्हणाला, "ह्या इंजिन नाय गो बाय, ही बाव आसा. मासे बिशे सोडलेलेंत काय?" पण ती विहीर खोलली त्याने. एक रॉड कोपरात दुमडलेल्या हातासारखा वाकलेला होता. बाकी सगळीकडे मिठाचा गंज. तशीच एक गाडी अपघातात मोडलेली त्याच्या माहितीत होती, तिच्यातून एकेक भाग आणून त्याने इंजिन उभं केलं. दर रविवारी यायचा, काम थोडं, बढाया जास्त. मी शेजारी पाने घेऊन उभी. आता मला बाराचा पाना न बघता हाताने ओळखता येतो. हसू नकोस.

मग अडलं ते डब्यावर. तू एअर फिल्टरचा कंपनीचा डबा काढून पडवीत ठेवला होतास ना, त्यात आपली तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. खरंच. बाबली म्हणाला, ओरिजिनल डबा लाव, बाकी भानगडी नको. मी डबा उचलायला गेले तर आई हातात उलथनं घेऊन आडवी. "पिल्लां येयसर हात लावशीत तर बघ." आता सांग, कोंबडीशी वाद घालायचा की आईशी? म्हणून पिल्लं येईपर्यंत मला तुझ्या सामानावर काम चालवावं लागलं. तुझा तो कोनासारखा फिल्टर आणि तुझा तो पाइप. आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं, जे मला तुला सांगायचंय.

तुला आठवतं, तो खोका आला तो दिवस? खोक्यावर ज्वाळा छापलेल्या होत्या. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, आणि घरात इंजिनाशिवाय विषय नव्हता. आई तव्यावर भाकरी टाकतेय आणि तू चुलीपाशी बसून तिला शिकवतोयस. गार हवा दाट असते. दाट हवेत ऑक्सिजन जास्त. म्हणजे इंजिनाच्या त्याच घोटात जास्त पेट्रोल जळणार, म्हणजे ताकद. बॉनेटखालची हवा इंजिनानेच तापवलेली असते, ती ओढून गाडी दमते. म्हणून डबा काढायचा, पाइप खाली बंपरच्या मागे न्यायचा आणि त्याच्या टोकाला तो कापसाचा कोन बसवायचा, म्हणजे थेट रस्त्यावरची वाऱ्याची हवा. आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मगे कंपनीवाल्यांका ह्या कळाक नाय?" तू तिच्याकडे असं बघितलंस की जणू तिने तुझा डिप्लोमाच काढून घेतला. बाबा बाहेरून आले, वाकून बंपरच्या मागे बघितलं. "गाडीक नाक लावलंस मेल्या. आता तेका शेंबूड इलो तर पुसतलो कोण?" सगळे हसलो. तूही हसलास. त्या दिवशी तू मला वर सड्याच्या माळापर्यंत फिरवून आणलंस, आणि खिडकीतून येणारा तो घोगरा आवाज ऐकून मला वाटलं, आपण विमान घेतलं.

मग मी काय केलं असेल? मोजलं. मला राहवलंच नाही. तू इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत होतास, बाबली छातीठोकपणे सांगत होता, आणि कुणीच मोजलेलं नव्हतं. आपली सड्यावरची चढण घेतली. खाली पिंपळाचा पार, वर एसटीचा थांबा. दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबून. धनेश शेजारी मोबाइलवर वेळ लावून बसलेला, जहाजावर जायच्या आधी त्याला तसाही दुसरा उद्योग नव्हता. एकदा सकाळी गारव्यात, एकदा दुपारी उन्हात.

पहिल्यांदा बाबलीच्या म्हणण्याप्रमाणे; डबा मिळत नाही म्हटल्यावर त्याचं मत फिरलं होतं. पाइप नको, कोन तिथेच इंजिनाशेजारी उघडा. आवाज असा की पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. बाबली वर थांब्यापाशी उभा होता, आम्ही पोचलो तर नाचतच आला. "आयकलंस? पाच हॉर्सपॉवर तरी वाढली!" धनेशने मोबाइल दाखवला. दुपारच्या फेरीत गाडी उलट सकाळपेक्षा रेंगाळली होती. बाबली म्हणाला, "तुजो मोबाइल खराब आसा." मी बॉनेट उघडून कोनाला हात लावला तर नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखा तापलेला. म्हणजे तू तेव्हा आईला सांगत होतास तेच. आवाज आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कान दोन्हींना एकच समजतो.

मग तुझी जोडणी. पाइप खाली, कोन बंपरमागे. दुपारीही गाडी दमली नाही. आणि मग पिल्लं आली, सगळी धडधाकट, तांबडीने एकदाचा डबा सोडला, मी तो साबणाने धुतला आणि बसवला. तर बघ काय झालं. डबा आणि तुझा पाइप, जवळजवळ बरोबरीत. जवळजवळ. तुझा पाइप थोडा पुढे. किती पुढे? एक शिंक काढायला लागतो तेवढा वेळ, आणि तोही पाय पूर्ण दाबला तरच. ऑफिसला जाताना काहीही नाही. धनेशला गाडीतून उतरवलं आणि डब्यावर चढण चढले, तर तेवढाच फायदा झाला. धनेशचा अपमान झाला, पण विज्ञान आहे. नंतर मी खाली वाकून बघितलं तर कंपनीच्या डब्याचं तोंड मुळातच हेडलाइटच्या मागे, बाहेरच्या हवेकडे काढलेलं. म्हणजे आई बरोबर होती, कंपनीवाल्यांना कळलं होतं. वर चिऱ्यांच्या ट्रकमागे महिनाभर फिरून तुझा कोन मिरचीपूड लावल्यासारखा लाल झाला, तो सारखा धुवायला लागतो.

पण निकाल निकाल असतो. तू थोडासा बरोबर होतास, दादा. पूर्ण नाही. थोडासा. हे मला तुला नीट लिहूनच कळवायचं होतं, कारण तू इथून गेलास तेव्हा तू पूर्ण चूक होतास असं तुझ्या मनाने घेतलं होतं.

त्या दुपारबद्दल आपण कधी बोललोच नाही. सावंतवाडीला मावशीकडचा साखरपुडा. आई आधीच्या एसटीने गेलेली. तू चालवत होतास, बाबा शेजारी, मी मागे मांडीवर पेढ्यांचे खोके घेऊन. पौर्णिमा होती, म्हणजे दुपारी भरती वर येणार हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. खाडीवरच्या आपल्या बुटक्या पुलावर पाणी आलेलं होतं. तू गाडी थांबवलीस. बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि पुलाच्या तोंडाशी असलेला तो काळा दगड बघितला. त्या दगडावरची चुन्याची रेघ. आपल्या पणजोबांपासून आपलं घर तारी, त्या जागी माणसं पलीकडे नेणारी होडी चालवायचं; पूल झाला तेव्हा होडी गेली आणि बाबांनी रेघ मारली. रेघ पाण्यावर दिसली तर गाडी जाते, बुडली तर थांबायचं. आख्खी वाडी ती रेघ बघून खाडी ओलांडते. त्या दिवशी रेघ दिसत होती. बोटभर वर होती. मीही बघितली.

पुलाच्या मध्यावर गाडी एकदा उचकी लागल्यासारखी हलली, आतून ठोका आला आणि सगळं बंद. हवेऐवजी पाण्याचा घोट गेला होता, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून रॉड वाकला. हे मला आता माहीत आहे. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की तू नव्या सदऱ्यात मांडीएवढ्या पाण्यात उतरून गाडी ढकलतोयस आणि पलीकडच्या काठावरून कोणीतरी ओरडलं, "तारी आसान गाडी बुडवल्यान रे!" लोक हसले. मग तेच लोक पाण्यात उतरले आणि ढकलायला लागले, तो भाग आपण दोघंही विसरतो. बाबा हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. ते त्या दगडाकडे बघत उभे राहिले. घरी येऊन तुझ्याशी बोलले नाहीत, तूही बोलला नाहीस, आणि काही महिन्यांत तू जहाजावर गेलास. मग एक कॉन्ट्रॅक्ट, मग मुदतवाढ, मग दुसरं कॉन्ट्रॅक्ट, तेही घरी न येता मुंबईहून थेट. तुझा व्हिडिओ कॉल आला की बाबा पडवीतून उठून माडांकडे जातात, हे तुला दिसतं. तू आईला विचारतोस, "बाबा खंय?" आई म्हणते, "शिपणां करतत." दादा, भर पावसात माडांना पाणी कोण शिंपतं?

तुला वाटतं राग आहे. मलाही तेच वाटायचं. गाडी बुडवलीस म्हणून राग, ऐकलं नाहीस म्हणून राग. पण तू इथे नव्हतास, आणि मी इथे असून मला दिसल्या नाहीत अशा दोन गोष्टी आहेत. एक, दरवर्षी पावसाच्या आधी बाबा त्या रेघेवर नवा चुना मारायचे. तू गेल्यापासून त्यांनी एकदाही मारला नव्हता. रेघ पुसट होत होत दगडाच्या रंगाची झाली. दोन, पूर्वी वाडीतलं कुणी पुलावर थांबलं की हाक यायची, "हरिश्चंद्रानु, जावया काय?" आणि बाबा पाण्याकडे बघून सांगायचे. आता कुणी विचारलं की म्हणायचे, "माका इचारू नको. तुजा तू बघ." मला वाटायचं, वय झालं, कंटाळले असतील. मुलावरच्या रागापायी कुणी रेघ पुसट होऊ देतं का? पण हा प्रश्न मला पडलाच नाही.

मागच्या आठवड्यात मी तुझा पाइप परत बसवला. मोजून झालं होतं, डबा लावून मोकळी व्हायला हवं होतं, पण म्हटलं उन्हाळाभर राहू दे, पावसाला काढू. सकाळी ऑफिसला निघाले तर गाडीपुढे बाबा उकिडवे बसलेले. हातात होडीचा ओळंबा, तो शिशाचा, दोरीवाला. बंपरमागे हात घालून ते कोनापासून जमिनीपर्यंत दोरी सोडत होते. मला म्हणाले, "हेच्यात्सून वारो घेता ना गाडी?" म्हटलं हो. "आनी पयली खंयसून घेय?" मी हेडलाइटपाशी दाखवलं. तिथूनही त्यांनी दोरी सोडली. दोन्ही मापांना गाठी मारल्या आणि दोन गाठींमधलं अंतर हातावर मोजलं. मला उशीर होत होता. मी म्हटलं, बाबा, संध्याकाळी हा पाइप काढूनच टाकते, नको ती कटकट. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नळी थंयच रवांदे. रेघ खाली घेवया."

आणि मग बोलले, दादा. तिथेच, मातीत बसून. "तेणां गाडी बुडवल्यान नाय. तो थांबललो. मी चल म्हटलंय." मी मागच्या सीटवर होते, मी ते 'चल' ऐकलं होतं, तूही ऐकलं होतंस, आणि आपल्या दोघांपैकी एकालाही ते मोजावंसं वाटलं नाही. रेघ दिसत होती म्हणून ते म्हणाले चल. पण रेघ होती जुन्या तोंडाच्या उंचीची, आणि गाडीचं तोंड तू हातभर खाली आणलं होतंस, आणि शेंबडाचा विनोद करणाऱ्या माणसाला खाडीच्या काठावर तो विनोद आठवला नाही. "गाडी बदलली, मगे रेघ बदलूक होयी होती. ता माजा काम होता." लोक तारी म्हणून तुला हसले आणि बाबा गप्प राहिले. गप्प राहिले ते त्यांना खातंय. राग नव्हता रे. तोंड कसं दाखवायचं हे कळत नव्हतं. बाप असा माडांमागे लपतो हे मला माहीतच नव्हतं.

मी ऑफिसला दांडी मारली. ओहोटीला आम्ही दोघं पुलावर गेलो. आधी त्यांनी जुन्या रेघेवर चुना मारला, जाड, दोनदा. मग होडीचा उरलेला निळा रंग काढला आणि दोरीने मापून खाली दुसरी रेघ ओढली. रेघ वाकडी जायला नको म्हणून दगड मी दोन्ही हातांनी धरल्यासारखा केला, जसा काही दगडच हलणार होता. पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबला. "ही निळी कोणाची ओ?" बाबा ब्रश न थांबवता म्हणाले, "आमच्या ओंकारच्या गाडयेची." एकाने टोमणा मारलाच, "वेगळी रेघ? ती काय राजाची गाडी आसा?" बाबा म्हणाले, "नाय. नाकवाली आसा." आणि हसले. तीन वर्षांनी मी त्यांना त्या पुलावर हसताना बघितलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हाक मारली, जावया काय, आणि त्यांनी पडवीतूनच ओरडून सांगितलं, "अजून घटकाभर थांब!"

आता का लिहितेय ते. धनेशने मला सांगितलं की तुझं हे कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय आणि तू पुन्हा मुदतवाढ मागणार आहेस. त्याच्यावर रागावू नकोस, लाडवांच्या बदल्यात मी ते काढून घेतलं. मागू नकोस, दादा. उतर. कुडाळ स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन, पुलापर्यंत मी चालवीन, आणि पुलापासून तू. मी हे सगळं माझ्या मनाने लिहितेय असं तुला वाटत असेल, पण काल जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "तेका कागद लिही. इचार कधी येतलो." मी म्हटलं, येईल तेव्हा येईल, आधीपासून तारीख कशाला हवी? तर म्हणाले, "तारीख कळली काय तिथ कळतली. तिथ कळली काय पाणी कळतला. तेका चल म्हणूक माका थंय उभा रवाचा आसा." तेवढी तारीख कळव.

तोपर्यंत पुढच्या सीटवर बसणारी,
तुझीच
नमू